वरून तार गेली, शेजारून रस्ता गेला. गावात काय उतरलं?

बांधावरचा (वाशी, जि. धाराशिव)

रात्री गच्चीवर गेलं की आमच्या शिवारात अकरा लाल दिवे लुकलुकताना दिसतात. पवनचक्क्यांचे. आणि खाली रानात डीपी (मोटारींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) जळून आज नववा दिवस. हरभरा घाटे धरायला आलाय, विहिरीत पाणी आहे, मोटार मुकी.

मागच्या महिन्यात नवीन पातं आलं. ६०-७० मीटरचं एकच पातं, खाली लांबलचक ट्रेलर, मागंपुढं शिट्ट्या मारत पळणारी पोरं. फाट्यावर वळण बसेना म्हणून कोपऱ्यावरचे दोन लिंब तोडले, आडव्या येणाऱ्या तारा उतरवल्या. दुपारपर्यंत गावाची लाईन बंद. सगळं गाव मोबाईलवर शूटिंग करत होतं, खोटं कशाला बोलू, मीही करत होतो. पातं गेलं, तारा परत चढल्या. लिंबाखाली बसणारा चांभार आता बँकेच्या पायरीवर बसतो.

आता रस्त्यांचं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर. डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी खुला झाला, जून २०२५ ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा तुकडा. आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी तो लागतो दोघांना, जालना आणि संभाजीनगर. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग मूळ आखणीत ८०२ किलोमीटरचा, १२ जिल्ह्यांतून. त्यात हिंगोली, नांदेड, परभणी, बीड, लातूर, धाराशिव. म्हणजे राहिलेल्या सहांचा नंबर लागला.

मी विरोधात नाही. माझं म्हणणं एवढंच की तार किंवा रस्ता जिथून जातो तिथलं काही बदलत नाही, जिथं उतरतो तिथलं बदलतं. समृद्धीवर चढायचं तर इंटरचेंजवरूनच. ज्याच्या रानातून ती गेली त्याचा ट्रॅक्टर वर चालत नाही, मोटारसायकल चालत नाही. अर्धं रान इकडं, अर्धं तिकडं, आणि बैल न्यायचे तर भुयारी मार्ग शोधत फिरा. मग शक्तिपीठासाठी मोजणीवाले आले की आपण मागायचं काय? नुसता मावेजा, म्हणजे भरपाई?

मोंढा_जालना

बांधावरचे, लिहिता चांगलं, पण हे रडगाणं झालं. आमच्या जालन्याकडं बघा. हैदराबाद-मनमाड रेल्वे १९०० च्या सुमारास इथून गेली, मीटरगेज का होईना. त्यावर कापसाचा, धान्याचा मोंढा (घाऊक बाजार) उभा राहिला. पुढं बियाणं, मग सळईचे कारखाने. रेल्वे आली तेव्हाही कुणी म्हटलंच असेल की आमच्या बैलगाडीला रुळावर चालू देत नाहीत.

लोखंडाच्या भट्टीत वीज हाच खरा कच्चा माल, भंगार दुसऱ्या नंबरला. २०१६ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना वीजदरात सवलत मिळाली म्हणून कितीतरी भट्ट्या टिकल्या, नाहीतर टाळं होतं. समृद्धीनं मोसंबीचं गणितही बदललं. संध्याकाळी भरलेली गाडी पहाटे वाशीला (तुमच्या नाही, नवी मुंबईच्या) असते.

आणि रस्ता-रेल्वे नसली की काय होतं त्याचा नमुना तुमच्या शेजारीच आहे. बीडच्या रेल्वेची मागणी आमच्या आजोबांच्या वेळची, मंजुरी १९९५ ची, आणि बीड स्टेशनात पहिली गाडी लागली १७ सप्टेंबर २०२५ ला. तोवर त्या जिल्ह्यानं बाहेर काय पाठवलं? ऊसतोडीचे कोयते. आधी रस्ता येऊ द्या, चढायचं कुठून ते मग भांडू.

वाळूजचा_फिटर

मोंढेवाले, बजाज आमच्या संभाजीनगरच्या वाळूजला आली १९८५ ला. तेव्हा कुठली समृद्धी होती? ब्रॉडगेजसुद्धा नव्हती, ती नव्वदीत आली. जागा होती, जायकवाडीचं पाणी होतं, सरकारची सवलत होती, आणि कारखान्याच्या दारात वीज होती. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरचंच बघा. त्याच्या मालवाहू रेल्वेचा मार्ग गुजरातेतून, पालघरातून जेएनपीटी बंदराकडं, आमच्यापासून कुठल्या कुठं. तरी शेंद्रा-बिडकीनला दहा हजार एकरांचं औद्योगिक शहर उठलं आणि जुलै २०२४ ला टोयोटानं तिथंच २० हजार कोटींचा करार केला. आधीचे सुटे भाग बनवणारे शेकडो वर्कशॉप जवळ आहेत, हातात कसब असलेली माणसं आहेत, म्हणून. तेव्हा "आधी रस्ता" हे दरवेळी खरं नाही.

जाता जाता, तुमच्या जालन्याच्या ड्रायपोर्टची (समुद्राविना कंटेनरचं बंदर) पायाभरणी डिसेंबर २०१५ ची. तेव्हा जन्मलेलं पोरगं आता मिसरूड फुटायच्या बेतात असेल.

मोंढा_जालना

ड्रायपोर्टवरून हाणणार हे माहीतच होतं. 🙏

तारतंत्री

वीज खात्यात नाही, पण आयुष्य सबस्टेशनमध्ये गेलं, म्हणून लिहितो. मूळ धाग्यात दोन वेगळ्या गोष्टींचा काला झालाय.

पवनचक्कीत तयार झालेली वीज ३३ केव्हीनं त्यांच्या पूलिंग सबस्टेशनला (सगळ्या चक्क्यांची वीज गोळा होते तिथं) जाते, तिथून २२० केव्हीनं ग्रीडला. ती "आपली" आणि "मुंबईला पळवली" असं काही नसतं, वीज जवळच्या भाराकडं आधी जाते. त्यातून पवनचक्की जोरात फिरते आषाढ-श्रावणात, तुमची मोटार चालते कार्तिकापासून चैत्रापर्यंत. चक्कीला थेट तार जोडून दिली तरी हरभऱ्याला काय मिळेल?

तुमचा डीपी जळतो तो वितरणाच्या रोगानं. ६३ केव्हीएच्या डीपीवर ५ एचपीच्या रीतसर डझनभर मोटारी बसतात. प्रत्यक्षात किती चालतात? आठ तास लाईन येणार म्हटल्यावर सगळे एकदमच बटण दाबतात, त्यात तारेवर टाकलेले चोरीचे आकडे, त्यात लाईन येताच मोटार आपोआप चालू करणारे ऑटो स्विच. लाईन आली की सगळ्यांचा धक्का एकाच क्षणी. ऑईल कमी असेल तर कॉईल गेलीच. हे पाप पवनचक्कीचं नाही, थोडं आपलंही आहे.

बांधावरचा

आकडे आहेत, नाकारत नाही. माझा ऑटो स्विचही आहे. पण मालक, तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केला. शिवारात २२० केव्हीचं सबस्टेशन उभं राहतं, त्याला लागणारा पैसा, जागा, परवानग्या वर्षात जमतात, आणि आमच्या ६३ च्या जागी १०० चा डीपी मागायला मी चार वर्षं अर्ज करतोय. मोठं काम करणारे लोक हुशार आहेत, आम्हाला दिसतंय की. ते आमच्या फाट्यावर का थांबत नाहीत एवढाच प्रश्न.

वैजापूरकर_६एकर

थांबले की आमच्याकडं. धोंदलगावचा ३ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०२४ ला सुरू झाला, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतला राज्यातला सुरुवातीचाच. सबस्टेशनजवळच्या पडीक जमिनीवर पॅनल, वीज सरळ शेतीच्या फीडरला. दिवसा लाईन. ज्यानं रात्री दोन वाजता बॅटरी तोंडात धरून बारं दिलंय आणि पायाजवळून सळसळ गेलेली ऐकलीय, त्याला विचारा दिवसाच्या लाईनची किंमत.

योजनेत खासगी जमिनीचं भाडं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरसाल ३ टक्के वाढ. म्हणजे एकरी पन्नास हजार. मुरमाड रानात बाजरीनं मला एवढं कधी दिलं नाही. मी सहा एकर द्यायला तयार आहे, भाऊ म्हणतो वडिलोपार्जित आहे. घरात रोज हाच धागा चालू असतो.

परळीकर

सौर, वारा सगळं ठीक. ऊर्जा प्रकल्पानं गाव कसं चढतं आणि कसं उतरतं ते आमच्याकडून ऐका. परळीत औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९७१ चा. वडील त्यात होते. कॉलनी, शाळा, पगाराच्या दिवशी मोंढ्यात पेढ्याला रांग. राखेवर वीटभट्ट्या आल्या. खेड्यातली पोरं आयटीआय करून थेट कायम झाली. मराठवाड्यात पेन्शन म्हणजे काय हे आमच्या गल्लीला आधी कळलं.

२०१५ च्या पावसाळ्यात पाऊस नाही, पाणी नाही म्हणून सगळे संच बंद. गोदावरीवर खडक्याचा बंधारा आहे, त्यात येईल काय? वर माजलगाव कोरडं, त्याच्या वर जायकवाडी कोरडं. गेटसमोरची चहाची टपरी बंद झाली ती आजही बंदच आहे. आज २५० चे तीन संच आहेत, ७५० मेगावॅट. पण वडलांच्या वेळची कायम भरती नाही, काम गुत्तेदाराकडं.

म्हणून सांगतो, पवनचक्कीला पाणी लागत नाही, हा मराठवाड्यासाठी लहान मुद्दा नाही. फक्त ती उभी राहिल्यावर माणूसही लागत नाही. दोन वॉचमन आणि एक जीपवाला.

सेलूची_सून

वॉचमनवरून आठवलं. जागा कुणी मिळवून दिली, मुरूम कुणाचा, वॉचमन कुणाचा, यावरच सगळं अडतं. डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यात मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. पवनचक्की कंपनीकडं मागितलेल्या खंडणीतून ते घडलं, असा आरोप तपासात पुढं आला. प्रकल्प आला की गावात पैसा येतो असं म्हणताना तो कुठल्या दारानं येतो तेही लिहा.

आणि शक्तिपीठ. आमचं रान दुधनेच्या पाण्याचं, काळं, ऊस-हळद दोन्ही येतं. सासरे म्हणतात, नागपूर-तुळजापूर-रत्नागिरी रस्ता चौपदरी झालाच आहे, दुसरा कशाला? मी त्यांना म्हटलं, मामंजी, त्या रस्त्यावर दर दहा मिनिटांनी गतिरोधक आणि गुरं. ते म्हणाले, गुरं आपलीच आहेत. काय बोलणार!

लातूर_नॅरोगेज

ताई, सासऱ्यांना सांगा, एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी रेल्वेनं आलं. मिरजेहून, सुमारे ३४० किलोमीटर. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, एकेकीत ५० हजार लिटर. आमची जुनी बार्शी लाईट (नॅरोगेज रेल्वे) असती तर ती वाघीण रुळावर उभीच राहिली नसती. ब्रॉडगेज करताना आम्हीही म्हणायचो, कुर्डूवाडीला उतरून गाडी बदलतो की, काय बिघडतं? रस्ता कशासाठी लागेल ते बांधताना सगळं कळत नसतं. मी बांधावरच्यांच्या विरोधात आहे, नोंद घ्या.

लातूरच्या रेल्वे कोच फॅक्टरीबद्दल मात्र विचारू नका. पायाभरणी मार्च २०१८ ला झाली, पोरगं तेव्हा दहावीला होतं. आता इंजिनिअर होऊन हिंजवडीला आहे.

बांधावरचा

नोंद घेतली. पाण्याच्या गाडीचं पटलं. पण ती गाडी लातूरला *थांबली*, हे विसरू नका.

शेवटचं विचारतो, कारण उद्या सकाळी विजेच्या नवीन मोठ्या लाईनचा एजंट येणार आहे. माझ्या गटात टॉवरचा एक पाय बसतोय. त्यानं आणलेल्या संमतिपत्रावर रक्कम "ठरल्याप्रमाणे" अशी लिहिलीय, आकडा नाही. तारांखालच्या पट्ट्याचं नावच नाही. काय करू?

तारतंत्री

सही करू नका. केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचना आहेत: टॉवरच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के, तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के. आधी हेच ८५ आणि १५ टक्के होतं. राज्यानं काय लागू केलंय त्याचा शासननिर्णय एजंटालाच दाखवायला सांगा, आणि किंमत कुठल्या दरानं धरली तेही. जमीन तुमच्याच नावावर राहते, सातबारा बदलत नाही, पण तारेखाली आंबा लावता येणार नाही आणि शेततळ्याच्या पोकलेनचा हात वर करता येणार नाही. पीकनुकसान वेगळं असतं. पाया खोदतील तेव्हा एकदा, टॉवर उभा करतील तेव्हा एकदा, तार ओढतील तेव्हा एकदा. तिन्ही पंचनामे वेगवेगळे मागा, फोटो काढून ठेवा.

मोंढा_जालना

आणि शेजाऱ्याला काय दिलं ते आधी विचारून या. एजंट दोन बांधांना दोन भाव सांगतो, हा मोंढ्यातला अनुभव.

बांधावरचा

शेजारी चुलतभाऊच आहे, तीन वर्षं बोलणं नाही. बघू, जातो संध्याकाळी.

ता.क. डीपी आला. ऑईल आलेलं नाही. सोमवारी म्हणतात.