मदत हवी आहे: पेंटॅक्स के-१००० साठी जुनी चामडी केस ठेवू की बॅग घेऊ?

नमस्कार मंडळी,

मामाने त्याचा पेंटॅक्स के-१००० हा जुना फिल्म कॅमेरा माझ्या हवाली केलाय. सोबत ५० मिमीची लेन्स आणि त्याच काळातली तपकिरी चामडी केस. कॅमेरा ठणठणीत आहे, सर्व्हिसिंगही झालंय. आता प्रश्न एवढाच, की तो न्यायचा कशात आणि ठेवायचा कशात.

केस म्हणजे ती जुन्या पद्धतीची. पुढचं तोंड टिचबटण उघडलं की खाली लोंबतं, आणि खालचा अर्धा भाग ट्रायपॉडच्या भोकात स्क्रूने बसतो. दिसायला झकास, पण रोल संपला की पंचाईत! रिवाइंडचं बारकं बटण कॅमेऱ्याच्या बुडाला आहे, ते केसखाली झाकलं जातं. मग आधी स्क्रू सोडवा, केस काढून काखेत धरा, बटण दाबून रोल गुंडाळा, नवा भरा आणि पुन्हा स्क्रू आवळा. गर्दीत उभं राहून हे करायचं तर तिसरा हात लागतो. शिवाय आतल्या मखमली अस्तराचा भुगा निघायला लागलाय. रोल बदलताना तो शटरच्या पडद्यावर जाईल अशी धास्ती वाटते.

माझा वापर साधा आहे. रोजच्या सॅकमध्ये छत्री, पाण्याची बाटली आणि पुस्तकांच्या सोबतीने कॅमेरा जाणार. अधूनमधून विमानप्रवास. हवा बरेच महिने दमट. निओप्रीनचं (मऊ, रबरी कापडाचं) पाऊच, सॅकमध्ये बसणारं गादीवालं इन्सर्ट, खांद्यावरची वेगळी बॅग, टणक प्लास्टिकची हार्ड केस असं सगळं बघून झालं आणि डोकं आणखीच गरगरलं. काय घेऊ?

('डिजिटल घे की' म्हणणाऱ्यांचे आगाऊ आभार.)

जुनाशटर:
चामडी केस फिरताना खुशाल वापरा, पण कॅमेरा तिच्यात घालून कपाटात ठेवू नका. चामडं ओलावा शोषतं आणि धरून बसतं, बुरशीला तेवढंच हवं असतं. लेन्समधून उजेडाकडे बघितल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले, तर ती बुरशीच. वेळेवर काढली नाही तर कोटिंग खाते, मग काच साफ करूनही डाग राहतो. चामड्याखालच्या पितळेवर हिरवा थर चढतो, त्याच्यामागेही ओलावाच असतो.

घरी ठेवायला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहू द्या. बरेच दिवस ६० च्या वर राहिला तर जेल तापवून वाळवायची वेळ झाली. केस त्या डब्यात नको, बाहेर हवेशीर ठेवा.

रीळवाली:
न्यायचं म्हणाल तर माझं मत इन्सर्टला. निओप्रीन ओरखडे वाचवतं, आपटणं नाही. हा कॅमेरा लेन्सशिवायच सुमारे ६२० ग्रॅमचा, सगळा धातूचा. पातळ पाऊचमध्ये घालून सॅक जमिनीवर टेकवलीत की दणका थेट बुडाच्या प्लेटला बसतो.

इन्सर्ट घेताना त्याचा तळ अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबून बघा. पलीकडचं बोट सहज जाणवलं तर ते राहू द्या. झिपच्या आतल्या बाजूने कापडी पट्टी आहे ना तेही बघा, नाहीतर झिपचे दात रोज कॅमेऱ्यावर घासत राहतील. जुनी बॅग घेत असाल तर आतला फोम चिकट झालाय का किंवा त्याची पूड पडतेय का, ते आधी तपासा. पॉलियुरेथेनचा फोम वर्षांनी असाच विरतो. अस्तराच्या भुग्यापासून सुटका करायची आणि फोमचा भुगा घरात आणायचा, याला अर्थ नाही.

आणखी एक, हे के-१००० वाल्यांसाठीच. याच्या लाइटमीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्रणेला, बंद करायचं बटणच नाही. लेन्सवर उजेड पडत राहिला की सेल उतरत राहतो. बॅगेत अंधार असतो म्हणून गाफील राहू नका, कॅप लावायचीच. फिल्म पुढे सरकवणारा लिव्हर ओढलेला असताना बॅगेत टाकू नका, शटरचं बटण दाबलं गेलं की एक फ्रेम फुकट.

प्रश्नकर्ता:
मीटरचं माहीत नव्हतं, धन्यवाद ताई! म्हणजे हार्ड केस बाद? आणि विमानतळावरच्या एक्स-रेपासून फिल्म वाचवायला शिशाचं अस्तर असलेली पिशवी घ्यावी का?

जुनाशटर:
हार्ड केस गाडीच्या डिकीत किंवा जड सामानासोबत न्यायला उत्तम, रोजच्या सॅकमध्ये नुसतं ओझं. तिच्या रबरी गॅस्केटमुळे बाहेरचं पाणी आत येत नाही, तसाच आतला ओलावा बाहेरही जात नाही. पावसातून आणलेला कॅमेरा लगेच तिच्यात बंद केलात तर बुरशीची सोय तुम्हीच केलीत. आधी पुसा, मोकळ्यावर वाळू द्या.

शिशाच्या पिशवीत पैसे घालू नका. पडद्यावर काळा ठोकळा दिसतो आणि तपासणारे ती उघडायलाच लावतात. त्यापेक्षा रोल पारदर्शक पिशवीत घालून हातात ठेवा आणि हाताने तपासण्याची विनंती करा. सामान तपासणारे नवे सीटी स्कॅनर कमी आयएसओच्या (उजेडाला कमी संवेदनशील) फिल्मलाही सोडत नाहीत, कोडॅकचाही सल्ला हाताने तपासून घेण्याचाच आहे. चेक-इनच्या बॅगेत रोल कधीच टाकू नका. कॅमेऱ्यात अर्धा रोल असेल तर निघण्याआधी संपवून टाका. म्हणून इन्सर्टला किंवा सॅकला वरच्या बाजूला, पटकन हात जाईल असा एक कप्पा हवाच.

प्रश्नकर्ता:
ठरलं मग, इन्सर्टच. केसचं अस्तर बदलून घेतो, कधी नुसता कॅमेरा गळ्यात घालून फिरायचं असेल तेव्हा ती. माप कसं घेऊ? उत्पादनाच्या पानांवर बाहेरचंच माप असतं.

रीळवाली:
आतलं माप विचारूनच घ्या. तुमचा कॅमेरा लेन्स आणि कॅपसकट टेबलावर ठेवून लांबी, उंची, खोली मोजा आणि प्रत्येक बाजूला बोटभर जागा जास्त धरा. पट्टा काढून मोजू नका, गुंडाळलेला पट्टा भरपूर जागा खातो.