काआहुमानूने कापू मोडून हवाईचं राज्य वाचवलं की पोखरलं?

सागरवाट:
हवाईचा जुना धर्म मिशनऱ्यांनी संपवला, असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. मिशनरी 1820 मध्ये आले. कापू, म्हणजे तिथली विधिनिषेधांची सगळी व्यवस्था, राजघराण्याने स्वतःच 1819 मध्ये मोडली होती. मे महिन्यात पहिला कामेहामेहा वारला. त्याची लाडकी राणी काआहुमानू सहशासक झाली. तिने आणि सर्वोच्च कुळातल्या केओपुओलानीने तिच्या मुलाला, तरुण राजा लिहोलिहोला, बायकांच्या पंक्तीला जेवायला बसवलं. बायकांना डुक्कर, नारळ आणि बहुतेक केळी वर्ज्य होती, पुरुषांसोबत जेवणं तर मृत्युदंडाचा गुन्हा! माझ्या मते हा सत्ता टिकवण्याचा विचारपूर्वक डाव होता आणि तो साधला.

जुनापुराणा:
साफ असहमत. अलीई म्हणजे सरदारकुळं, त्यांचा मान कापूवरच उभा होता. केओपुओलानीचा दर्जा खुद्द कामेहामेहापेक्षा वरचा होता, तोही याच व्यवस्थेमुळे. पाया काढून घेतल्यावर राजाचं वेगळेपण बंदुकीपुरतं उरलं, आणि डिसेंबरात कुआमोओच्या लढाईत ते दिसलंच. कामेहामेहाने युद्धदेव कूकाइलिमोकू पुतण्या केकुआओकालानीच्या हवाली केला होता. हा पुतण्या जुन्या देवांसाठी लढता लढता पडला, सोबत लढणारी त्याची बायको मानोनोही पडली. मग देवळं पाडली, मूर्ती जाळल्या. मिशनऱ्यांना आयतं मोकळं रान मिळालं.

सागरवाट:
मोकळं रान मिळालं, हे मान्य. पण 1778 मध्ये इंग्रज दर्यावर्दी कुक आल्यापासून गोऱ्या खलाशांसोबत जहाजांवर बायका जेवत होत्या आणि देव कोपत नव्हते, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. भीती विरलीच होती. शिवाय मोठ्या देवळांत बायकांना प्रवेश नाही आणि युद्धाचे विधी तिथेच. सहशासक बाईने हे का चालू द्यावं?

मासोळी:
कापू म्हणजे नुसता जुलूम नव्हे. आकू आणि ओपेलू या माशांवर आलटून पालटून बंदी असायची, त्यामुळे विणीच्या काळात मासा वाचायचा. समुद्र राखणारी ही शिस्त तुमच्या दोघांच्याही हिशेबात नाही.

जुनापुराणा:
मासोळी, अगदी बरोबर. आणि सागरवाट, बायकांना मोकळं करणारी हीच काआहुमानू 1825 मध्ये बाप्तिस्मा घेते आणि 1830 मध्ये जाहीर हुलानृत्यावर बंदी घालते. निषेध गेले कुठे? फक्त देव बदलला.

सागरवाट:
हुलाबंदीचं समर्थन मी करणार नाही, ते मलाही बोचतं. पण राज्याचं बघा. 1824 मध्ये लिहोलिहो आणि राणी कामामालू लंडनमध्ये गोवराने वारले, वारस लहान मुलगा. अशा वेळी ताहितीसारखी गत झाली असती. तिथली राणी चौथी पोमारे 1842 मध्ये फ्रेंचांच्या संरक्षणाखाली गेली. इथे काआहुमानूने 1832 पर्यंत, मरेपर्यंत, कारभार हाती ठेवला. 1840 मध्ये राज्यघटना आली आणि गादी 1893 पर्यंत टिकली.

जुनापुराणा:
गादी टिकली, जमीन नाही. 1848 च्या माहेलेत जमिनीची वाटणी झाली, दोन वर्षांत परदेशी लोकांना ती विकत घेता येऊ लागली आणि पुढे ऊसमळेवाल्यांनी सत्तेचा कणाच हातात घेतला. 1893 मध्ये राणी लिलिउओकालानीला पदच्युत करणाऱ्यांमागे हाच पैसा होता. जुन्या व्यवस्थेत जमीन विकायची सोयच नव्हती. काआहुमानूने काय मोडलं ते यावरून मोजा.