लंडन, २५ डिसेंबर: आधी पायांचा विचार करा

एकाने लिहिलंय की लंडनमध्ये २५ डिसेंबरला, ख्रिसमसच्या दिवशी, आईबाबांना घेऊन ब्रिटिश म्युझियम उरकायचं. ते २४ ते २६ बंद असतं, तेव्हा तो बेत आधी किंवा नंतर न्या.

त्याहून मोठी अडचण म्हणजे २५ला ट्यूब (लंडनची मेट्रो), बस, रेल्वे काहीच धावत नाही. अक्षरशः काहीच. टॅक्सी मिळते, पण भाडं चढं. मोठी दुकानंही कायद्यानेच बंद. त्यामुळे हॉटेल स्वस्त म्हणून लांबच्या भागात घेऊ नका; वेस्टमिन्स्टर किंवा वॉटर्लूच्या आसपास घ्या, आणि दूध-ब्रेड २४लाच दुपारपर्यंत आणून ठेवा.

मग तो दिवस चालण्यासाठी उत्तम. ट्रफाल्गर चौकातलं ख्रिसमसचं झाड (१९४७पासून दरवर्षी नॉर्वेतल्या ऑस्लोहून भेट येतं, दुसऱ्या महायुद्धातल्या मदतीबद्दल), तिथून सेंट जेम्स पार्क, मग थेम्सवरचा पूल ओलांडून साउथ बँक (नदीचा दक्षिण काठ). रस्ते इतके रिकामे एरवी दिसायचे नाहीत. फक्त सकाळी लवकर निघा, चारच्या आत सूर्य मावळतो. आणि ज्येष्ठांसोबत असाल तर थर्मास हवाच, वाटेतले कॅफे उघडे असतील या भरवशावर राहू नका.

२६लाही रेल्वे जवळपास ठप्पच, बाथ किंवा ऑक्सफर्ड शहराची सहल त्या दिवशी नको.