ऑफिस असिस्टंट मांजरीला एडीएचडी आहे, पण ती नुसतीच मांजर वाटतेय, काय करू?

शाईचे_डाग

मंडळी, एक छोटं वेबकॉमिक करतेय, सगळी पात्रं प्राणी, दोन पायांवर चालणारी, गळ्यात आयडी कार्ड वगैरे. मेन पात्र झिपरी, मांजर, ऑफिस असिस्टंट. म्हणजे साहेबांचं कॅलेंडर, मीटिंग रूमचं बुकिंग, मिनिट्स, स्टेशनरी, आल्यागेल्यांचे पास आणि सगळ्यांचं "जरा बघ ना गं एवढं" सगळं तिच्याकडे. साहेब कासव आहेत, अकाउंट्सला बगळा आहे. झिपरीला एडीएचडी (लक्ष, चंचलपणा आणि उतावळेपणा आपल्या ताब्यात न राहण्याचा त्रास) आहे हे पहिल्यापासून डोक्यात पक्कं होतं. आतापर्यंतच्या भागांत ती लेझर पॉइंटरमागे धावते, टेबलावरचा मग पंजाने हळूच ढकलून देते, मीटिंग चालू असताना सुसाट पळत सुटते, लोक हसतातही. पण एका वाचकाने लिहिलं की हे तर कुठलीही मांजर करेल, यात एडीएचडी कुठाय? मुद्दा बरोबर आहे असं वाटतंय, फक्त पुढे काय काढायचं ते सुचत नाहीये. मांजरपणा कुठे संपतो आणि एडीएचडी कुठे सुरू होतो हे चित्रात कसं दाखवू? तिला गोळ्या चालू दाखवू का? आणि निदान झालेलं आधीच सांगून टाकू की नंतर कळू दे?

उघडे_टॅब

अगं त्या वाचकाला आधी थँक्यू म्हण. मला स्वतःला एडीएचडी आहे आणि काम जवळपास झिपरीचंच करते, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे, सांभाळून घे.

सगळ्यात सोपा उपाय, ऑफिसात अजून एक मांजर आण जिला एडीएचडी नाही. रिसेप्शनला बसव हवं तर. आता मीटिंग चालूय, भिंतीमागे काहीतरी खुट् झालं, दोघींचे कान एकदम वळले. हा मांजरपणा झाला, माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजरीला ६० च्याही वर, त्यामुळे ऑफिसातल्या मशीनची जी बारीक शिट्टी बाकीच्यांना कळतही नाही ती या दोघींना ऐकू येणारच. फरक पुढच्या चौकटीत. रिसेप्शनवालीचा कान परत वळतो आणि ती लिहायला लागते. झिपरी परत येते तेव्हा तीन मुद्दे होऊन गेलेत, वहीत अर्धं वाक्य आहे आणि आपण गेलो होतो हेच तिला आत्ता कळतंय. ते "आत्ता कळतंय" दाखव, खरी गंमत आणि खरा त्रास दोन्ही तिथेच आहेत.

दुसरं म्हणजे लक्ष "कमी" असतं असं दाखवू नकोस प्लीज. मांजर दबा धरून शिकार करणारा प्राणी आहे, बिळासमोर कितीही वेळ न हलता बसते. झिपरीपण बसेल, फक्त कुठल्या बिळासमोर बसायचं ते तिच्या हातात नाही. साहेबांनी दोन ओळींच्या मेलचं उत्तर मागितलंय ते ड्राफ्टमध्ये पडून आहे आणि ही जेवायची विसरून अख्ख्या स्टेशनरी कपाटाला रंगाप्रमाणे लेबलं लावतीये, आणि लेबलं एकदम भारी झालीयेत हा अजून वेगळा वैताग, कारण मग लोक म्हणतात बघ मनावर घेतलं की जमतं तुला.

वेळेचं पण घे. आमच्याकडे वेळा दोनच, "आत्ता" आणि "आत्ता नाही". तीनची मीटिंग असेल तर सकाळपासून काहीच सुरू करता येत नाही कारण तीनला मीटिंग आहे ना, आणि एवढं ताटकळून शेवटी तीन वाजून पाच मिनिटांनी धावतपळत पोचायचं. ड्रॉवरमध्ये गेलेली वस्तू जगातून गेली, म्हणून टेबलावर सगळं पसरलेलं. पसारा नाही तो, तीच मेमरी आहे. साफसफाईवाल्याने टेबल छान आवरून ठेवलं हा अख्खा एक भयपटाचा भाग होईल बघ.

आणि कासव साहेब! लोकांना वाटेल हळू बोलणारा बॉस हिला बरा. उलट. ते दोन शब्दांमध्ये जी फट सोडतात ना, त्या फटीतून झिपरी बाहेर पडून कुठेतरी फिरून येते. वर साहेब कॉरिडॉरमध्ये चालता चालता "आणि हो, अजून एक" म्हणणारे असतील तर संपलंच. तोंडी सांगितलेलं चौथं काम आत शिरताना पहिलं बाहेर पडलेलं असतं.

खडूस_बोका

हल्ली सगळ्यांनाच थोडा थोडा एडीएचडी असतो. मोबाईल बाजूला ठेवा, होतं बरं. आणि ताई, कॉमिक आहे ते, मग ढकलणारी मांजर बघून हसू येतंय ना, येऊ दे की. उगाच त्याचं माहितीपत्रक करू नका, दवाखान्याच्या भिंतीवर लावायचं नाहीये.

मधली_सुट्टी

बोकोबा, मोबाईलचं तेवढं चुकलं तुमचं. मी मानसशास्त्र शिकलेय आणि समुपदेशनात काम करते. कधीतरी किल्ल्या विसरणं सगळ्यांचंच होतं. निदानाचे निकष मात्र बऱ्यापैकी कडक आहेत. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, अवधानाच्या (लक्ष देण्याच्या) त्रासाची नऊ लक्षणं आहेत आणि अतिचंचलता-उतावळेपणाची नऊ. सतरा वर्षं आणि पुढच्यांसाठी कुठल्यातरी एका गटातली किमान पाच लागतात, लहान मुलांसाठी सहा. वर ती किमान सहा महिने टिकलेली, काही लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून दिसलेली, एकाहून जास्त ठिकाणी दिसणारी आणि रोजच्या जगण्यात खरोखर आड येणारी हवीत. मोबाईल यायच्या कितीतरी आधी, १९०२ मध्ये, जॉर्ज स्टिल नावाच्या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांची वर्णनं व्याख्यानांत मांडली होती.

शाईचे_डाग, तुमच्या कामाची गोष्ट यातच आहे. "एकाहून जास्त ठिकाणी" म्हणजे झिपरी फक्त ऑफिसात दाखवून चालणार नाही, तिच्या घरातली एखादी चौकट हवी आणि पिल्लू असतानाची एखादी. ती पिल्लू असताना शाळेत धुडगूस घालत नव्हती, खिडकीजवळ गप्प बसायची असं दाखवलंत तर फार खरं वाटेल, कारण अवधानाचाच मुख्य त्रास असलेल्या मुली कोणाला त्रास देत नाहीत म्हणून कोणाच्या नजरेत येत नाहीत. "हुशार आहे पण धांदरट" एवढ्यावर प्रकरण मिटतं.

निदान उशिरा होऊ द्या. घरच्यांनाही कळत नाही त्याचं एक गमतीदार कारण आहे. एडीएचडी घराण्यात चालतो, जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास निघतो. म्हणजे झिपरी घाबरत घाबरत आईला सांगेल की मला असं असं आहे म्हणतात, आणि आई तीन अर्धवट विणलेल्या स्वेटरांमधून डोकं वर काढून म्हणेल, हे कसलं लक्षण, आपल्याकडे सगळेच असे आहेत!

गोळ्यांचं. दाखवा, पण जादू करू नका. मेथिलफेनिडेट हे उत्तेजक गटातलं औषध, त्याच्या कमी वेळ टिकणाऱ्या गोळीचा असर चारेक तासांत ओसरतो, तर अ‍ॅटोमॉक्सेटिन उत्तेजक नाही आणि त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात. गोळी घेतली म्हणून झिपरी शहाणी होणार नाही, मेल उघडणं आणि मेलला उत्तर देणं यांच्या मधली भिंत थोडी बुटकी होईल, उडी तिलाच मारायचीय. आणि कृपा करून औषधाच्या जागी कॅटनिप (मांजरींना झिंग आणणारी वनस्पती) दाखवू नका, ती कल्पना कुणालातरी सुचणारच. कॅटनिप हुंगून साधारण दोन तृतीयांश मांजरी दहाएक मिनिटं लोळतात आणि मग काही वेळ त्याचा परिणामच होत नाही. गोळ्या घेणाऱ्यांना "नशा करतोस का" हे तसंही ऐकावं लागतं, त्यात भर नको.

खडूस_बोका

बरं बाई, मोबाईल मागे घेतला. माहितीपत्रकाचं मागे घेत नाही. वर जे लिहिलंय ते सगळं झिपरीच्या तोंडी घातलं तर मी दुसऱ्या चौकटीत पान उलटणार. "मला कार्यकारी क्षमतेचा त्रास आहे साहेब" असं कुठली मांजर बोलते?

उघडे_टॅब

हे मात्र शंभर टक्के! तिने समजावून सांगूच नये. आम्ही समजावत नाही, आम्ही माफी मागतो, दिवसभर. ते वापर. झिपरीचा प्रत्येक मेल "उशिराबद्दल सॉरी" ने सुरू होतो, वेळेत पाठवलेलापण.

मग ढकलायचा जोक ठेव, फक्त कारण बदल. रिसेप्शनवाली मग ढकलते तेव्हा डोळ्यात डोळे घालून मुद्दाम ढकलते. झिपरीचा मग पडतो कारण फोन, स्टेपलर आणि आत्ताच सुचलेली गोष्ट या तिन्हीकडे तिचा पंजा एकदम गेला. आवाज तोच, पण एकीला मजा वाटते आणि दुसरी आधीच कापड घ्यायला धावलेली.

झोपेचं पण तसंच. मांजरी पहाटे आणि संध्याकाळी जाग्या असतात, दिवसातले बारा-सोळा तास झोपतात, त्यामुळे दुपारी की-बोर्डवर डुलकी म्हणजे एडीएचडी नाही. पण आमच्यात बऱ्याच जणांची झोपच उशिरा सरकलेली असते, म्हणून सगळ्या मांजरी पहाटे टवटवीत आणि ही एकटी भुतासारखी लिफ्टमध्ये उभी, असं चालेल.

आणि बगळ्याचा उपयोग कर गं. आमच्यातली बॉडी डबलिंग म्हणून एक युक्ती आहे, शेजारी कुणीतरी आपापलं काम करत नुसतं बसलं तरी आपलं काम सुरू होतं, का ते विचारू नकोस, होतं. बगळा तर जन्मजात त्या कामाचा, तासन्‌तास एका पायावर ध्यान लावून. त्याला मदत करतोय हे माहीतही नसावं.

शाईचे_डाग

कसले भारी आहात सगळे. ऑफिसात दुसरी मांजर येतेय, नाव सोनसळी. आता हे बघा, कच्चं आहे.

चौकट एक, साहेब: "झिपरी… उद्याच्या… मीटिंगला…" झिपरीचे डोळे साहेबांवर, कान खिडकीकडे. चौकट दोन, नुसती खिडकी, बाहेर काहीच नाही. चौकट तीन, साहेब: "…आणि हे विसरू नकोस." झिपरी: "नाही सर." चौकट चार, झिपरी बगळ्याच्या टेबलाशी: "काय विसरू नको म्हणाले?" बगळा मान न वळवता तिच्यापुढे कागद सरकवतो, त्यावर सगळं लिहिलेलं. पुढच्या पानावर कागद तिने ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

उघडे_टॅब

ड्रॉवर!! नाहीईई. एवढं वाचून पोटात गोळा आला माझ्या.

मधली_सुट्टी

छान जमलंय. एकच, तिसऱ्या चौकटीत तिचा चेहरा निर्धास्त नको. "नाही सर" म्हणताना तिला माहीत असतं की काहीतरी निसटलंय, आणि परत विचारायची लाज वाटते. हे टोचणं डीएसएमच्या त्या अठरा लक्षणांत कुठे नाही, पण माझ्यासमोर बसलेले लोक सगळ्यात आधी तेच बोलतात. शेपटीत दाखवता येईल का? मांजर अस्वस्थ असली की शेपटीचं टोक हलत राहतं, बाकी अंग शांत.

खडूस_बोका

शेपटी चालेल, संवाद नको. आणि बगळ्याला पुढच्या भागात त्याच कागदाची कार्बन कॉपी काढताना दाखवा, म्हणजे त्याला सवय झालीये हे कळेल. ड्रॉवरची चौकट मोठी करा, अर्धं पान द्या. कधी टाकताय पुढचा भाग?