अनुभव धागा: "आई, एक मिनिट, सेव्ह होतंय!"

आज ऑफिसच्या एका फॉर्मात तीन तास बसून माहिती भरली. शेवटच्या पानावर असताना वीज गेली. आल्यावर बघते तर फॉर्म कोरा. नुसती स्क्रीनकडे बघत बसले. मागून लेक आला (वय २४, सुट्टीवर घरी) आणि म्हणाला, "सेव्ह केलं नव्हतंस?" आवाजात टोमणा अजिबात नव्हता. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, कारण मला एकदम पंधरा वर्षांपूर्वीची संध्याकाळ आठवली.

तो नऊ वर्षांचा. मामेभावाने वापरून दिलेलं प्लेस्टेशन टू. जेवायला तीनदा हाका मारल्या. "आई, एक मिनिट, सेव्ह होतंय!" ते 'एक मिनिट' मला पाठ होतं. गेले आणि भिंतीतून प्लग उपटला. त्या यंत्राला ८ एमबीचं एक चपटं मेमरी कार्ड लागायचं, सगळं खेळणं त्यात साठायचं. सेव्ह होताना स्क्रीनवर लिहून येतं की यंत्र बंद करू नका, कार्ड काढू नका. मी ते कधी वाचलंच नव्हतं. पुन्हा लावलं तर डेटा खराब.

रडला नाही, ओरडला नाही. कंट्रोलरची वायर मी शिकवली होती तशी नीट गुंडाळली, ठेवली आणि ताटावर येऊन बसला. मला वाटलं, चला, जिंकले.

तुमचे अनुभव लिहा. उपदेश नकोत, ते माझ्याकडे भरपूर आहेत.

झोपेचं_खोबरं
आई गं. त्या वायरपाशीच थांबले. पुढचे प्रतिसाद नंतर वाचते, धाकटी उठली.

उंटावरचा_शहाणा
प्लग उपटणाऱ्या पालक संघटनेचा मी आजीव सभासद. फरक इतकाच की मी राउटरचा उपटतो. एकदा आत बायकोची मीटिंग चालू होती. सभासदत्व तूर्त स्थगित.

दुसरी_पाळी
आम्ही मिनिटं मोजणं सोडलं. माइनक्राफ्टमधला एक दिवस म्हणजे आपली २० मिनिटं, त्यातली पहिली १० लख्ख उजेडाची. म्हणून घरात हिशेब असा की दोन दिवस खेळ आणि बंद कर. लेक (९) सुरुवातीला अंधार पडला की गेममधल्या पलंगावर झोपायची. झोपलं की रात्र उडून जाते, म्हणजे तिचा दिवस निम्म्यावर यायचा. मी गप्प बसून फायदा घेतला. चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं. तेव्हापासून झोपतच नाही, रात्रभर खाणीत.

कधीकधी मीही सोबत बसतो. मला फक्त दगड फोडायचं काम मिळतं. परवा क्रीपरने (गेममधला स्फोट होणारा राक्षस) मला उडवलं आणि माझ्याबरोबर तिची अर्धी भिंत गेली. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही जरा बाजूला बसा, मी करते." मी स्वयंपाकघरात असताना तिला हेच सांगतो, ह्याच आवाजात.

मी_नाही_त्यातली
वय वर्षं ४३ चालेल का या धाग्यावर? "ही शेवटची मॅच" हे वाक्य आमच्याकडे मुलगा नाही, नवरा म्हणतो. आणि मुलगा बाहेर येऊन मला सावध करतो, "आत्ता जाऊ नकोस, बाबा हरतायत."

उंटावरचा_शहाणा
@मी_नाही_त्यातली, दंडवत. मुलाला जपा, मोठा मुत्सद्दी होणार.

चष्मा_कुठंय
सेव्हपेक्षा पॉजची भानगड मोठी आहे. आपल्या डोक्यात जुने गेम. मारिओला हवेत लटकत ठेवून बाजारात जाऊन यावं, तो तिथेच. आता फोर्टनाइटसारख्यात शंभर जण एकाच वेळी उतरलेले असतात, एकाची आई बोलावते म्हणून उरलेले ९९ थांबत नाहीत. हे मला मुलीने रडत रडत सांगितलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. आता मी "पाच मिनिटांत ये" म्हणत नाही. "किती जण उरलेत?" विचारते. ७० म्हणाली तर मी माझं काम करते. ८ म्हणाली तर मागे उभी राहते आणि मलाही धडधडतं, खरं सांगते.

बचत_खातं
धाकट्याने (६) माझ्या फोनवर एका गेममध्ये हिरे घेतले. एकदा नाही, एकवीसदा. कार्ड फोनला जोडलेलं, पासवर्ड न विचारता खरेदी चालू, आणि हे मीच करून ठेवलेलं. बँकेचे मेसेज ढीगभर. अर्ज करून बरेचसे पैसे परत आले, सगळे नाही. मी ओरडले तर तो गोंधळूनच गेला. त्याच्या लेखी त्याने काही खर्चलंच नव्हतं, उलट हिरे जमवले होते! आणि ते पेटी उघडा, नशीब बघा प्रकरण तर भयंकर. बेल्जियमने २०१८ मध्ये असल्या पेट्यांना जुगाराचा कायदा लावला, ते उगाच नाही.

कोपऱ्यातला_दिवा
सगळे हसताय, त्यामुळे लिहू की नको असं चाललं होतं. मोठा १६ चा आहे. गेल्या वर्षी त्याच्या रात्री-दिवसांची उलटापालट झाली. आधी मैदान सुटलं, मग मित्र, मग शाळेला दांड्या. फोन काढून घेतला तर दाराला लाथ. समुपदेशकाकडे जाण्यात चार महिने घालवले, कारण ज्याला विचारावं तो म्हणे सगळीच मुलं खेळतात.

त्यांनी किती तास खेळतो ते विचारलंच नाही पहिल्यांदा. थांबायचं ठरवलं तर थांबता येतं का? बाकी सगळं मागे पडलंय का? नुकसान दिसतंय तरी चालूच आहे का? आणि असं साधारण वर्षभर आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत हे (गेमिंग डिसऑर्डर) २०१९ साली आलं आणि २०२२ पासून ती यादी लागू आहे, हे मला तिथे कळलं. खूप खेळणारं प्रत्येक मूल त्यात बसत नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

मग म्हणाल्या, "गेममध्ये तो काय असतो?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. घरी येऊन त्यालाच विचारलं. तो त्याच्या टीमचा कप्तान आहे. त्याच्या शब्दावर सात जण हलतात. आणि शाळेत वर्गशिक्षकांना त्याचं नाव आठवायला वेळ लागला होता, माझ्यासमोर.

सध्या आठवड्यातले तीन दिवस शाळेत जातो. या आठवड्यात चार.

चष्मा_कुठंय
@कोपऱ्यातला_दिवा, तुला वेगळा निरोप टाकला आहे. वेळ मिळेल तेव्हा बघ. माझ्या भाच्याच्या वेळचं सगळं लिहिलंय.

बचत_खातं
चार! 💐

दुसरी_पाळी
ते "गेममध्ये तो काय असतो" आज घरी जाऊन विचारणार. आम्ही तर एकत्र खेळतो, तरी मला सांगता येणार नाही. मी दगडफोड्या आहे एवढंच माहीत.

जुनी_कॅसेट
जाता जाता, लेकाला सांगत होतो की आमच्या वेळी गेम लागला नाही की कॅसेट काढून जोरात फुंकर मारायची, मग लागायचा. त्याला वाटलं मी थापा मारतोय.

स्क्रूड्रायव्हर
लेक बरोबर आहे. फुंकरीने काही होत नसे. काढून परत बसवली की आतले पाय नीट टेकायचे, म्हणून चालायची. उलट तोंडातल्या दमटपणाने ते पाय गंजायचे.

जुनी_कॅसेट
तुम्ही माझं बालपण हिरावून घेतलंत.

उंटावरचा_शहाणा
वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. काँट्रा गेममध्ये ही बटणं दाबली की ३० लाइफ. शाळेतलं सगळं विसरलो, हे नाही.

स्क्रूड्रायव्हर
तो कोड मुळात १९८६ च्या ग्रेडियसमधला. बनवणाऱ्यालाच आपला गेम पार करता येईना, म्हणून त्याने स्वतःच्या सोयीसाठी घातला.

मी_नाही_त्यातली
नवऱ्याला हे वाचून दाखवलं. त्याला भरून आलं. माझ्या डिलिव्हरीच्या वेळी इतकं आलं नव्हतं.

पदरखोच
आमच्याकडे उलट. मुलं ठीक आहेत, सासूबाई कँडी क्रशमध्ये चार आकडी लेव्हलवर आहेत. नातवाचा स्क्रीनटाइम संपला की तो आजीच्या मांडीवर जाऊन बसतो आणि म्हणतो "तुला मदत करतो". मी काय बोलणार?

धाग्याशी अर्धाच संबंध आहे, पण जुन्या टॅबची बॅटरी फुगलीय, स्क्रीन वर उचलली गेलीय. आत लेकीने बांधलेलं माइनक्राफ्टचं पहिलं घर आहे. एकदाच चार्ज करून ते काढून घेऊ का?

स्क्रूड्रायव्हर
नको!!! चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. जळण्यासारखं काही जवळ ठेवू नका. दुरुस्तीवाल्याकडून बॅटरी बदलून घ्या, मग गेममधूनच ते जग बाहेर काढता येईल. जुनी बॅटरी ई-कचऱ्यात, घरच्या कचऱ्यात नाही. आणि मधल्या काळात कुणी गेम काढून टाकला तर घरही जाईल, तेवढं सांभाळा.

पदरखोच
बाप रे. कपड्यांच्या कपाटात होता. काढला. उद्या जाते.

धागाकर्ती
आत्ता लेकाला धागा दाखवला. कोपऱ्यातला_दिवा यांचा प्रतिसाद त्याने दोनदा वाचला. मग माझं वरचं लिखाण वाचलं. म्हणे एक दुरुस्ती कर. तो गेम चालू नव्हता, संपला होता. शेवटचा राक्षस त्याने त्या संध्याकाळी मारला होता आणि सेव्ह करत होता, बाबा आले की दाखवायला.

मी म्हटलं, मग तेव्हा सांगितलं का नाहीस?

"तू जेवायला हाका मारत होतीस ना."

पदरखोच
😔

उंटावरचा_शहाणा
मी राउटर लावून येतो.

झोपेचं_खोबरं
झोपली एकदाची. हां, कुठे होते मी? वायर.