सोसायटी ग्रुप: जुन्या गाडीची सर्व्हिसिंग, शोरूम की शंभर फुटी रोडचं गॅरेज?

वहिनी बी-३०२: नमस्कार. विषय सोसायटीचा नाही, माहीत आहे, पण जाणकार सगळे इथेच आहेत. गाडी २०१२ ची पेट्रोल, ७८,००० किमी. शोरूमला साधी सर्व्हिसिंग सांगितली होती, एस्टिमेट आलंय २०,४०० चं. उद्या अकराच्या आत होकार द्या म्हणून दोनदा फोन. हे बरोबर आहे का?

वहिनी बी-३०२: फोटो अस्पष्ट आलाय, टाइप करते. इंजिन ऑइल ३.५ लिटर आणि ऑइल फिल्टर २,६५०. एअर फिल्टर, एसी फिल्टर ९५०. स्पार्क प्लग चार ८००. ब्रेक ऑइल आणि कूलंट १,५००. पुढचे ब्रेक पॅड २,१००. थ्रॉटल बॉडी साफ ९००. इंजिन फ्लश ६५०. इंजेक्टर क्लीनर ७००. एसी इव्हॅपोरेटर साफ १,४५०. इंजिन ड्रेसिंग ५५०. खालून अँटी-रस्ट ३,८००. अलाइनमेंट-बॅलन्सिंग १,१००. लेबर ३,२५०. टॅक्स धरून.

बापू ए-२०४: जुने पार्ट परत मागा.

तात्या ए-१०१: लूट आहे लूट. आपल्या सांगलीच्या शंभर फुटी रोडच्या गॅरेजला न्या, तीन हजारात गाडी हातात.

काकू ए-३०३: तात्या, तुमच्या गाडीखाली जे तेलाचं तळं आहे ते त्या तीन हजारातच येतं, का वेगळे पैसे?

तात्या ए-१०१: 🙏 गाडीचं बोला.

काकू ए-३०३: गाडीचंच बोलतेय.

अण्णा सी-४०४: वहिनी, घाबरू नका. यादीत दोन प्रकारची कामं मिसळलेली आहेत, आधी ती वेगळी करा. फ्लश, इंजेक्टर क्लीनर, इव्हॅपोरेटर, ड्रेसिंग, अँटी-रस्ट ही पाच नावं गाडीच्या पुस्तकातल्या सर्व्हिस शेड्यूलमध्ये आहेत का बघा. नसणार. त्यांची बेरीज ७,१५०. ती काढली की राहिले १३,२५०.

अण्णा सी-४०४: ड्रेसिंग म्हणजे इंजिनवर चकाकी मारणं. पाईप नवे दिसतात, होत नाहीत. वर आधीचा गळतीचा माग पुसला जातो, पुढच्या मेकॅनिकला तेल कुठून येतंय ते कळत नाही. एसीला कुबट वास येत नसेल आणि एसी फिल्टर नवा टाकताय तर इव्हॅपोरेटर आत्ता नको. थ्रॉटल बॉडी मात्र लगेच कापू नका. सिग्नलला उभं असताना आरपीएम वरखाली होतो का, एसी लावल्यावर गाडी दबते का? होत असेल तर ते ९०० योग्य आहेत.

वहिनी बी-३०२: आरपीएम स्थिर आहे अण्णा.

अण्णा सी-४०४: मग आणखी ९०० वाचले.

दादा सी-१०३: अण्णा, एकतर्फी होतंय. फ्लश, ड्रेसिंग जास्तीचं आहे, मान्य. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला महिन्याचं टार्गेट असतं, तेही खरं. पण "नको" म्हटलं की ती ओळ काढावीच लागते, मालकाच्या होकाराशिवाय काम करता येत नाही. एवढ्यावरून शोरूमला चोर ठरवू नका. तिथे टॉर्क रेंच (बोल्ट नेमक्या जोराने आवळायचा पाना) वापरतात, पार्टचा नंबर बिलावर असतो, चूक झाली तर दाद मागायला कागद असतो. शंभर फुटीला कागद कोण देतं?

तात्या ए-१०१: कागद चाटायचाय काय? माणूस समोर असतो. डोळ्यांदेखत काम.

बापू ए-२०४: जुने पार्ट परत मागा. शोरूम असो की गॅरेज.

डी-२०१: टॉर्क रेंच भिंतीला टांगलेला असतो हो दादा. चाकाचे नट सगळीकडे हवेच्या गनने आवळतात.

दादा सी-१०३: चाकाचं जाऊ द्या. ऑइल चेंबरच्या खालच्या, तेल काढायच्या बोल्टचं बोला. तो गनने आवळला की अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. मग एक साइज मोठा बोल्ट ठोकतात, नाहीतर टेफ्लॉन टेप गुंडाळतात. दर वेळी नवा वॉशर टाकायचा असतो. किंमत किरकोळ, पण बाहेर दहातले किती जण टाकतात?

काकू ए-३०३: तात्यांचं तळं सापडलं.

सेक्रेटरी: आता विषय निघालाच आहे तर. स्टिल्ट पार्किंगमध्ये ए-१०१ आणि डी-२०१ च्या जागी तेलाचे डाग आहेत. डी-२०१ कडे मेकॅनिक घरी येऊन ऑइल बदलतो आणि जुनं ऑइल पावसाळी गटारात ओततो, असं वॉचमनने सांगितलं. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. यापुढे सोसायटीच्या आवारात ऑइल बदलायचं नाही.

डी-२०१: वॉचमनने बघितलं म्हणजे झालं? एकदा दोन थेंब सांडले असतील. आणि गेल्या वर्षी टँकरवाल्याने गेट वाकवलं त्याचं काय झालं ते पण सांगा.

सेक्रेटरी: गेटचा विषय वार्षिक सभेत संपला आहे.

डी-२०१: तुमच्यापुरता.

वहिनी बी-३०२: कृपया 🙏 उद्या अकराला फोन येणार आहे.

अण्णा सी-४०४: तात्या, रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा ठेवा, सकाळी रंग बघा. काळं-तपकिरी आणि घसरडं म्हणजे इंजिन ऑइल. हिरवं किंवा गुलाबी, चिकट म्हणजे कूलंट. लालसर असेल तर पॉवर स्टिअरिंग. नुसतं पाणी असेल तर एसीचं, सोडून द्या. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळट ओल दिसली तर ब्रेक ऑइल, गाडी जागेवरून हलवू नका. इंजिन ऑइल असेल तर वरून तपासत खाली या. इंजिनच्या वरच्या झाकणाचं, म्हणजे टॅपेट कव्हरचं, पॅकिंग गळत असलं तरी थेंब चेंबरवरूनच पडतो, आणि लोक उगाच चेंबर उघडत बसतात.

तात्या ए-१०१: बरं. ठेवतो पुठ्ठा.

अण्णा सी-४०४: आता वहिनींचं. ऑइल ३.५ लिटर लावलंय. पुस्तकात फिल्टरसकट किती लिहिलंय?

वहिनी बी-३०२: ३.१ लिटर.

अण्णा सी-४०४: मग ३.१ चेच पैसे. नाहीतर उरलेलं डब्यात घालून परत घ्या. "घाला सगळं" म्हणू नका. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त झालं की क्रँक ते तेल घुसळते, फेस होतो, फेसाळ तेलाला प्रेशर धरत नाही. आणि ग्रेड पुस्तकातलीच. ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर "जुनी गाडी आहे, जाड टाका" म्हणून २०डब्ल्यू-५० टाकणारा सापडेल. त्याला नाही म्हणा. सकाळी थंड इंजिनला जाड तेल वरपर्यंत पोचायला वेळ लागतो, झीज तेव्हाच होते.

तात्या ए-१०१: पूर्वी सगळ्या गाड्या २०डब्ल्यू-५० वरच चालायच्या.

अण्णा सी-४०४: पूर्वीच्या इंजिनांत फटीही तेवढ्या होत्या तात्या.

बापू ए-२०४: जुने पार्ट परत मागा. पॅड पण.

दादा सी-१०३: बापूंचं पॅडबाबत एकदम बरोबर. वहिनी, फोनवर एकच विचारा: "पॅड किती मिलिमीटर उरलेत?" नवा पॅड साधारण १० चा असतो. ३ च्या खाली गेला असेल तर बदला. ५-६ सांगितलं तर आत्ता नको. "झिजलेत" हे उत्तर धरू नका, आकडा मागा, फोटो मागा. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, तीही मोजायला सांगा.

वहिनी बी-३०२: हे उपयोगी आहे. धन्यवाद दादा.

अण्णा सी-४०४: ब्रेक ऑइल बदलाच, पॅड नाही बदलले तरी. ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ वर येते. महाबळेश्वरहून उतरताना पाय ब्रेकवरच असतो, तेव्हा आत वाफ धरली की पेडल खाली जातं. दोन वर्षांनी बदलायचं. चारही चाकांना ब्लीड करायला, म्हणजे पाईपमधलं जुनं तेल बाहेर काढायला सांगा, नुसतं वरच्या डबीतलं काढून नवं ओतलं तर ते बदलणं नव्हे.

अण्णा सी-४०४: कूलंट बदलताना आत जे आहे त्याच प्रकारचं. वेगळ्या प्रकारांची सरमिसळ झाली तर आत गाळ धरू शकतो. पातळ करायला डिस्टिल्ड वॉटर. आपल्या बोअरचं पाणी घातलं तर बादलीला धरतो तसला पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. शंभर फुटीला हेच सगळ्यात जास्त चुकतं, कारण पाण्याचा पाईप हाताशी असतो.

काकू ए-३०३: आणि मग ती गाडी उकळते आणि तात्या म्हणतात शोरूमवाल्याने बिघडवली.

तात्या ए-१०१: काकू, आज माझ्यावर काय उपवास सोडलाय?

सी-२०२: माझा एक प्रश्न. E२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलमुळे जुन्या गाड्यांचं मायलेज पडतं का? माझं पडलंय.

डी-२०१: सगळ्यांचं पडलंय.

सेक्रेटरी: हा विषय इथे नको.

अण्णा सी-४०४: थोडक्यात सांगतो. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी, त्यामुळे थोडं पडणार. २०१२ ची गाडी E२० साठी बनवलेली नाही. सर्व्हिसिंगला इंधनाचे रबरी पाईप आणि ओ-रिंग दाबून बघायला सांगा, कडक किंवा चिरा असतील तर बदला. पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी गाडी दाखवा. मायलेजचं भांडण वेगळ्या ग्रुपवर.

वहिनी बी-३०२: मग कुठे नेऊ? शोरूम की बाहेर?

बापू ए-२०४: कुठेही न्या, जुने पार्ट परत मागा.

काकू ए-३०३: बापू, तुमचा मोबाईल अडकलाय का?

बापू ए-२०४: नाही. कुणी ऐकत नाही म्हणून.

अण्णा सी-४०४: जागा कामाप्रमाणे ठरते. ऑइल, फिल्टर, प्लग, पॅड, ब्रेक ऑइल, कूलंट, सस्पेन्शनचे बुश (रबरी जोड), क्लच, एसी गॅस ही कामं चांगला गॅरेजवाला तेवढीच नीट करतो. बुश हे तर खास उदाहरण. शोरूमला बहुतेक वेळा लोअर आर्म (चाक धरणारा खालचा दांडा) अख्खा बदलतात, कारण बुश सुटा विकत नाहीत. बाहेर प्रेसवर नुसता बुश बसवतात. बॉल जॉइंट घट्ट असेल तरच हे करायचं, तो ढिला असेल तर आर्म अख्खाच. डिस्क फेसिंग, हेड फेसिंगसाठी कुपवाड एमआयडीसीत लेथ आहेतच, शोरूमही बहुतेक वेळा ते काम बाहेरूनच करून आणतं.

दादा सी-१०३: आणि शोरूमला काय, तेही सांगा की.

अण्णा सी-४०४: एअरबॅगचा दिवा, इमोबिलायझर (चोरीपासूनचं इलेक्ट्रॉनिक कुलूप), किल्ली कोडिंग, स्टिअरिंगचं इलेक्ट्रॉनिक्स. आणि रिकॉल, म्हणजे दोष सापडला म्हणून कंपनीने गाड्या परत बोलावणं. वहिनी, कंपनीच्या साइटवर चॅसिस नंबर टाकून बघा. रिकॉल निघाला असेल तर ते काम फुकट असतं आणि फक्त शोरूमलाच होतं. डिझेलवाल्यांनी लक्षात ठेवा, बऱ्याच गाड्यांत इंजेक्टर बदलला की त्यावरचा कोड ईसीएममध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरावा लागतो. ज्याच्याकडे तेवढा स्कॅनर नाही त्याच्याकडे इंजेक्टर काढायला द्यायचा नाही.

दादा सी-१०३: टायमिंग बेल्टचं राहिलं. काही जुन्या छोट्या गाड्यांना चेन नाही, बेल्ट आहे. किमी किंवा वर्षं, पुस्तकात जे आधी भरेल तेव्हा बदलायचा. सोबत टेन्शनर, आणि पाण्याचा पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही, कारण उघडायची मजुरी एकच. तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, मग हेड उतरवावं लागतं. वहिनी, तुमच्या गाडीला काय आहे?

वहिनी बी-३०२: पुस्तकात टायमिंग चेन लिहिलंय.

दादा सी-१०३: मग तो खर्च नाही. सकाळी स्टार्ट केल्यावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त खडखड येत असेल तर सांगा.

तात्या ए-१०१: शंभर फुटीला पार्ट ओरिजिनल मिळतो का याचं काय ते पण सांगा अण्णा, नाहीतर काकू परत येतील.

अण्णा सी-४०४: फिल्टर, पॅड तुम्ही स्वतः काउंटरवरून घ्या, पक्कं बिल घेऊन. पाकिटावर पार्ट नंबर, एमआरपी, महिना-वर्ष बघा. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या सुट्या भागांवर १८ टक्के आहे. कुणी अजून २८ लावून हिशेब देत असेल तर बिल परत करा. आणि स्वस्त ऑइल फिल्टर नको. त्यातली तेल परत जाऊ न देणारी झडप कुचकामी असली की गाडी बंद केल्यावर तेल खाली उतरतं आणि सकाळची खडखड तिथूनच सुरू होते. चेनला उगाच दोष जातो.

काकू ए-३०३: मी आलेच. गाडी विकताना शोरूमच्या नोंदी नसतील तर भाव पडतो, हे खरं का?

दादा सी-१०३: पाच-सहा वर्षांच्या गाडीला खरं. २०१२ च्या गाडीला घेणारा इंजिन ऐकतो आणि सांगलीच्या २०१९ च्या पुरात होती का ते विचारतो. सीटबेल्ट पूर्ण ओढून टोकाला चिखलाची रेघ बघतो, कार्पेट उचलून खालचे कनेक्टर बघतो. बाहेरची बिलं तारीख आणि किमीसकट फाइलला लावली असतील तर तेवढं पुरतं. आणि २०२७ ला पंधरा वर्षं भरतात, आरटीओला आरसी रिन्यू करावी लागेल. त्यामुळे अँटी-रस्टच्या ३,८०० चा विचार करताना आधी गाडी पुढे ठेवायची की नाही ते ठरवा.

वहिनी बी-३०२: ठेवायची आहे.

अण्णा सी-४०४: मग आधी जॅकवर उचलून खालून टॉर्च मारा. सिल (दाराखालची पट्टी), फ्लोअर, मागच्या सस्पेन्शनचे माउंट. गंज दिसला तर घासून, प्रायमर मारून मगच कोटिंग. गंजावर थेट काळा थर मारला की ओल आत कोंडते आणि पत्रा आतून जातो. गंज नसेल तर घाई नाही.

सेक्रेटरी: सूचना: ऑइल बदलणे, गाडी धुणे ही कामे आवारात करू नयेत. ए-१०१ व डी-२०१ यांनी रविवारपर्यंत डाग काढावेत. लाकडाचा भुसा टाकून रात्रभर ठेवणे, मग गोळा करून पिशवीत भरणे. गटारात ढकलू नये.

डी-२०१: भुसा सोसायटी देणार का?

सेक्रेटरी: नाही.

वहिनी बी-३०२: ठरलं असं. शोरूमला फ्लश, क्लीनर, थ्रॉटल, इव्हॅपोरेटर, ड्रेसिंग, अँटी-रस्ट नको म्हणून मेसेज केला. पॅड किती मिलिमीटर ते फोटोसह विचारलं. ऑइल ३.१ लिटर लिहून मागितलं. चॅसिस नंबर टाकून बघितला, रिकॉल नाही. सुधारित एस्टिमेट आलं की अण्णांना पाठवते. नाही आलं तर गाडी उचलून आणते आणि शनिवारी अण्णा सांगतील त्या गॅरेजला नेते.

अण्णा सी-४०४: शनिवारी सकाळी लवकर न्या, दहानंतर रांग लागते. टॉर्क रेंच आहे का, एवढं दारातच विचारा.

बापू ए-२०४: आणि जुने पार्ट.

वहिनी बी-३०२: हो बापू, पिशवी घेऊन जाते.