पतीला देवाने क्षमा केली. मग घरातल्या हिशेबाचे काय?

प्रश्न : डिचोलीची गृहिणी

सर्वांना नमस्कार. माझे पती काही वर्षे दारू आणि मटका यांच्या नादी लागले होते. त्या काळात माझ्या पाटल्या गहाण पडल्या, मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदतठेव मोडली गेली आणि धाकट्या दिरांकडून घेतलेले पैसे परत न केल्यामुळे त्या घराशी येणे-जाणेही तुटले. गेल्या पावसाळ्यापासून ते एका मित्राबरोबर प्रार्थनासभेला जाऊ लागले आणि दारू खरोखरच सुटली, हे मी मोकळ्या मनाने मान्य करते. मात्र पाटल्यांचा किंवा दिरांच्या पैशांचा विषय निघाला की त्यांचे उत्तर ठरलेले असते : येशूने माझे पाप धुऊन टाकले आहे, मी आता नवा माणूस आहे, तू जुने कशाला उगाळतेस?

आमचे घराणे हिंदू आहे. मिलाग्रिस सायबिणीच्या, म्हणजे मेरी मातेच्या, फेस्ताला तेल घेऊन आम्ही म्हापशाला वर्षानुवर्षे जात आलो आहोत, त्यामुळे ख्रिस्ती श्रद्धेविषयी माझ्या मनात अढी नाही. मला जाणकारांकडून एवढेच समजून घ्यायचे आहे की, देवाने क्षमा केल्यावर ज्याचे नुकसान झाले त्याने काही बोलायचेच नाही, असे हा धर्म खरोखर शिकवतो का? शिवाय पती आता बाप्तिस्मा घेण्याविषयी बोलत आहेत. त्यांनी तो घेतला तर आमच्या विवाहाचे काय होते, आणि मुलीला व मला धर्म बदलावा लागतो का?

उत्तर १ : मूळ वसईकर, मुक्काम मडगाव

ताई, मी कॅथलिक आहे आणि बरीच वर्षे प्रौढांना धर्मशिक्षण देत आलो आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. आपले पती जे म्हणतात त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. क्षमा ही कमाईने मिळत नाही, ती देवाची देणगी आहे, आणि ख्रिस्तात असलेला माणूस नवी निर्मिती ठरतो, असे प्रेषित पौलाने बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात स्पष्ट म्हटले आहे. दुसरा अर्धा भाग मात्र, म्हणजे आता कोणाचे काही देणे उरले नाही हा निष्कर्ष, त्यांनी स्वतः जोडलेला आहे. तो बायबलमध्येही नाही आणि चर्चच्या शिकवणुकीतही नाही.

बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, एकोणिसाव्या अध्यायातील जक्कयाची गोष्ट त्यांना अवश्य वाचायला सांगा. जक्कय हा यरीहोतला मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याला काही अट न घालता 'आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे' असे सांगतो, आणि त्यानंतर जक्कय उभा राहून जाहीर करतो की, आपली अर्धी मालमत्ता आपण गरिबांना देऊ आणि ज्याला फसवले असेल त्याला चौपटीने परत करू. मग येशू म्हणतो, आज या घराला तारण प्राप्त झाले आहे. येथे क्रम फार महत्त्वाचा आहे. परतफेड ही क्षमेची किंमत नव्हती, कारण येशू आधीच दाराशी आला होता; पण तो खरोखर घरात शिरला आहे, हे गावाला कळले ते परतफेडीवरून. जुन्या करारातील गणना या पुस्तकातही पाप कबूल करावे, घेतलेले पुरते परत करावे आणि वर पाचवा हिस्सा जास्त द्यावा, असा नियम आहे.

आमच्याकडे पापनिवेदनाच्या संस्कारात सदसद्विवेकाची झडती, मनापासूनचा पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निर्धार, धर्मगुरूपुढे कबुली आणि त्याने सांगितलेले प्रायश्चित्त अशा पायऱ्या असतात. चोरलेली वस्तू परत करणे, ज्याची बदनामी केली त्याची अब्रू भरून काढणे, असे जे शक्य असेल ते केले पाहिजे, असे कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ स्पष्ट शब्दांत सांगतो. आपल्या पतींचा बाप्तिस्मा झालेला नसल्यामुळे हा संस्कार त्यांना आज घेता येणार नाही. पण पाद्रींशी मोकळेपणाने बोलायला कोणतीही आडकाठी नसते.

आता बाप्तिस्म्याविषयी. प्रौढ माणसाच्या बाप्तिस्म्याने त्याआधीची सर्व पापे देवापुढे पुसली जातात आणि त्यांसाठी वेगळे प्रायश्चित्तही सांगितले जात नाही, हे खरे आहे. बहुधा हेच कोणीतरी त्यांना सांगितले असावे आणि त्यांनी ते सोयीने ऐकले असावे. देवापुढचा दोष पुसला गेला म्हणून दिरांचे पैसे परत आले, असे होत नाही. शिवाय चर्चच्या कायद्याप्रमाणे प्रौढाने स्वतःची इच्छा व्यक्त करावी, पुरेसे शिक्षण घ्यावे, ख्रिस्ती आचरणात त्याची पारख व्हावी आणि केलेल्या पापांबद्दल खेद करण्याचा बोध त्याला केला जावा, असे ठरलेले आहे. या तयारीला अनेक महिने, पुष्कळदा वर्षही लागते, आणि बाप्तिस्मा बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीत होतो. घाईने कोणी बाप्तिस्मा देऊ करत असेल, तर तेथे जरा थांबून चौकशी करावी, असे माझे मत आहे.

उत्तर २ : वास्कोतील एक प्रोटेस्टंट वाचक

वरील लेखनाशी बहुतांशी सहमत आहे. आमच्या मंडळीत कबुली थेट देवापुढे केली जाते, धर्मगुरूची मध्यस्थी आम्ही आवश्यक मानत नाही, आणि तारण केवळ विश्वासाने मिळते यावर आमचा भर अधिक आहे. त्यामुळे आपल्या पतींसारखी वाक्ये आमच्याकडेच जास्त ऐकू येतात, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु डोंगरावरील प्रवचनात येशू म्हणतो की, वेदीजवळ अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे याची आठवण झाली, तर अर्पण तेथेच ठेवावे, आधी जाऊन भावाशी समेट करावा आणि मग येऊन ते अर्पावे. आपल्या दिरांच्या बाबतीत याहून थेट वचन मला सापडणार नाही.

उधळ्या पुत्राची गोष्ट पतींनी आपल्याला बहुधा सांगितली असेल, कारण सभांमध्ये ती वारंवार सांगितली जाते. तिच्यात बापाकडून वाटा घेऊन तो उधळून परत आलेल्या धाकट्या मुलाचे स्वागत होते, त्याला झगा, अंगठी आणि मेजवानी मिळते; मात्र बाप घरीच राहिलेल्या थोरल्याला 'जे माझे ते सर्व तुझेच आहे' असे म्हणतो, म्हणजे उधळलेला वाटा धाकट्याला पुन्हा काढून दिला जात नाही. आणि या स्वागतामुळे थोरला रागाने बाहेर उभा असताना बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो. आपली जागा त्या थोरल्याची आहे, आणि ती जागा पापाची आहे असे कोणी आपल्याला सांगू नये. सभांत थोरल्याला नेहमी दटावले जाते. मला ते कधीच पटलेले नाही.

उत्तर ३ : फोंड्याचा एक वाचक

मी हिंदू आहे आणि या चर्चेत थोडे खडे बोलतो, त्याबद्दल राग नसावा. गोव्यात धर्मांतर म्हटले की १५६० ते १८१२ पर्यंतचे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा जाच, आठवल्याशिवाय राहत नाही. आजचा ख्रिस्ती शेजारी त्याला जबाबदार नाही, हे मी जाणतो. तरीही दारू सोडायला धर्म बदलावाच लागतो का, हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा. केलेले फेडावे लागते, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते.

मूळ वसईकर यांचे प्रत्युत्तर

राग मुळीच नाही. दारू सोडण्यासाठी धर्म बदलावा लागत नाही, आणि केवळ त्यासाठी बदलू नये असेच मीही म्हणेन. श्रद्धेच्या बाबतीत सक्ती चालत नाही, हे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याच्या घोषणापत्रात स्वच्छ लिहिले आहे. ते शतकांपूर्वी लिहिले गेले असते तर गोव्याचा इतिहास निराळा झाला असता. केलेले फेडावे लागते हे मलाही मान्य आहे. फरक इतकाच की, जे फेडून संपणारच नाही, उदाहरणार्थ मुलीची भीतीत गेलेली वर्षे, त्याचे ओझे घेऊन माणूस पुन्हा बाटलीकडे वळू नये, यासाठी आम्ही क्षमेचा आधार घेतो.

उत्तर ४ : व्यसनमुक्तीच्या कामातील एक स्वयंसेवक

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिची मुळे एका ख्रिस्ती प्रार्थनागटात होती, पण तिच्यात कोणत्याही धर्माचा माणूस येऊ शकतो. तिच्या बारा पायऱ्यांपैकी आठवीत ज्यांना इजा केली त्या सर्वांची यादी करायची असते आणि नववीत, कोणाचे आणखी नुकसान होणार नसेल तेथे, प्रत्यक्ष भरपाई करायची असते. पहिल्या काही महिन्यांत माणसाला जुन्या गोष्टींची इतकी लाज वाटत असते की, 'सगळे धुतले गेले' हे वाक्य तो ढालीसारखे पुढे धरतो. त्यांना वेळ द्यावा, पण विषय सोडू नये. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या वेगळ्या बैठका असतात, त्यांची चौकशी आपण स्वतःसाठी करावी. आणि आर्थिक व्यवहार, निदान मुलीच्या नावाचे, सध्या आपल्याच हाती राहू द्यावेत. क्षमा आजच करता आली तरी विश्वास सावकाशच बसतो.

डिचोलीची गृहिणी

सर्वांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. पती सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करण्याचे वचन मला ऐकवतात, त्याचे काय? आणि आमच्याकडे थोडे पैसे साठले तर आधी पाटल्या सोडवाव्यात की दिरांना द्यावेत? विवाहाचा प्रश्नही बाजूलाच पडला.

वास्कोतील वाचक

ते वचन मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे आणि ते खरेच आहे. लूकच्या सतराव्या अध्यायात त्याच अर्थाचे जे वचन आहे, त्याची सुरुवात मात्र 'तुझ्या भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा कर' अशी आहे. तेव्हा हिशेब विचारणे हे क्षमेच्या विरुद्ध नाही.

विवाहाविषयी पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे की, विश्वास न ठेवणारी पत्नी एकत्र राहायला राजी असेल तर पतीने तिला सोडू नये. आपला विवाह बाप्तिस्म्याने मोडत नाही आणि आपल्यावर धर्म बदलण्याचे कोणतेही बंधन येत नाही. मुलीविषयीचा निर्णय दोघांनी मिळून घ्यावा, आणि ती जाणती असेल तर तिला विचारून.

पैसे आधी दिरांना द्यावेत, असे मी सुचवेन. पाटल्या आपल्या आहेत, त्यांची वाट पाहायची की नाही हे आपण ठरवू शकता. दिरांचे देणे माफ करण्याचा अधिकार आपला नाही आणि आपल्या पतींचाही नाही. रक्कम लहान असली तरी चालेल, मात्र ती घेऊन पतींनी स्वतः जावे, आपल्या हाती पाठवू नये.